लेकीच्या छातीवरचा निळा ठिपका

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावातून एका आईने पाठवलेल्या पत्राचा हा सारांश आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्यांच्या मुलीला सातव्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा हा लसिका ग्रंथींचा कॅन्सर झाला होता. मोठ्या शहरातील एका रुग्णालयात तिला आधी किमोथेरपी आणि नंतर मानेवर व छातीच्या मध्यभागी शेक, म्हणजे रेडिएशन, देण्यात आले. मुलगी पूर्ण बरी झाली, शिकली, नोकरीला लागली आणि आता तिला २५वे वर्ष पूर्ण झाले आहे. आपल्याला झालेला आजार कॅन्सर होता हे मात्र घरच्यांनी तिला आजवर सांगितलेले नाही. छातीत गाठी झाल्या होत्या, टीबीसारखे काहीतरी होते, एवढेच तिला ठाऊक आहे. शेकाची जागा कायम राहावी म्हणून छातीवर गोंदलेला निळा ठिपका अजून आहे, आणि तो तीळ असल्याचे तिला सांगितले गेले आहे. उपचारांना पाच वर्षे झाल्यावर आता यायची गरज नाही, असे रुग्णालयाने सांगितले आणि फॉलोअप थांबला. गेल्या महिन्यात नात्यातील एका परिचारिकेने आईला बाजूला घेऊन सांगितले, की लहानपणी छातीला शेक मिळालेल्या मुलींना पुढे स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता अधिक असते आणि त्यासाठी याच वयापासून दरवर्षी तपासणी करावी लागते. नेमकी आताच मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत. आई विचारतात: आम्हीच सही करून तिला दुसऱ्या कॅन्सरच्या वाटेवर लोटले का? तिला आता सांगावे, की लग्न पार पडल्यावर? आणि इतकी वर्षे का लपवले, असे तिने विचारले तर काय उत्तर देऊ?

ताई,

तुमच्या पत्राच्या शेवटच्या पानावर, सगळे प्रश्न विचारून झाल्यावर, तुम्ही जुन्या फाइलमधील एक ओळ जशीच्या तशी उतरवली आहे: ‘मान व मेडियास्टायनम, २१ ग्रे, १४ फ्रॅक्शन’. तिच्याविषयी तुम्ही काहीच विचारलेले नाही, पण संपूर्ण पत्रातील सर्वांत मोलाची ओळ मला तीच वाटते, म्हणून सुरुवात तिच्यापासून करते. मेडियास्टायनम म्हणजे दोन फुप्फुसांच्या मधली, हृदयाभोवतीची जागा. ग्रे हे शरीराने शोषून घेतलेल्या किरणांचे माप आहे आणि फ्रॅक्शन म्हणजे एका दिवशी दिलेला हप्ता. तुमच्या मुलीला रोज दीड ग्रे याप्रमाणे १४ दिवस किरण मिळाले, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस धरले तर जेमतेम तीन आठवडे. पुढच्या आयुष्यात जो कोणी डॉक्टर तिला तपासेल त्याला सर्वांत आधी तीन गोष्टी हव्या असतील: किरण कुठे दिले, किती दिले आणि तेव्हा तिचे वय काय होते. या तिन्ही तुमच्याकडे आहेत. कितीतरी घरांत त्या नसतात. फाइल घर बदलताना हरवते, पुरात भिजते, किंवा नको ती आठवण म्हणून मुद्दाम गंगार्पण केली जाते. तुम्ही ती अठरा वर्षे कपाटात जपलीत. हे स्वतःच्या नावावर जमा धरा, कारण पत्रभर तुम्ही फक्त वजाबाकीच केली आहे.

मी डॉक्टर नाही. मुलांच्या कर्करोग विभागात समुपदेशक म्हणून मी अनेक वर्षे काम केले आहे, आणि तपासण्यांविषयी पुढे जे लिहीत आहे ते बालपणी कॅन्सर होऊन गेलेल्यांसाठी तयार झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांना धरून आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत शेवटचा शब्द तिला प्रत्यक्ष तपासणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांचा राहील.

आधी त्या सहीविषयी. त्या दिवशी आपल्यासमोर दोन वाटा होत्या असे तुम्ही आज मनाशी धरून चालला आहात: एक शेकाची, जिच्या टोकाला दुसरा कॅन्सर उभा आहे, आणि दुसरी शेकाविना, जिच्या टोकाला निर्धास्त आयुष्य आहे. ती दुसरी वाट तेव्हा तुमच्यासमोर कोणी मांडलेलीच नव्हती, कारण ती तयार झालेली नव्हती. हॉजकिन लिम्फोमावर उपचार केले नाहीत तर तो जीव घेतो. नीट उपचार मिळाले तर दहापैकी नऊच्या आसपास मुले बरी होतात, आणि या यशात किमोथेरपीच्या बरोबरीने शेकाचाही वाटा आहे. किमोच्या पहिल्या काही फेऱ्यांतच गाठी विरघळलेल्या मुलांना शेकाशिवाय बरे करता येईल का, याचे मोठे अभ्यास साधारण त्याच सुमारास परदेशांत चालू होते. आज अशा अनेक मुलांचा शेक टाळता येतो. पण त्या अभ्यासांची उत्तरे तुमच्या सहीच्या दिवशी कोणाच्याच हाती नव्हती. सात वर्षांच्या लेकीला वाचवायला जे उपलब्ध होते ते तुम्ही स्वीकारले आणि ती वाचली. आज तिच्या पंचविशीची, तिच्या लग्नाची, तिच्या पुढच्या प्रकृतीची काळजी करता येते आहे ती त्या सहीमुळेच.

मग धोका येतो कुठून, हेही समजून घ्या, म्हणजे नीट सांगता येईल. किरण पेशीच्या गाभ्यातील डीएनएचे धागे तोडतात. कॅन्सरच्या पेशींना त्यातून सावरता येत नाही. वाटेत आलेल्या निरोगी पेशी मात्र बहुतेक वेळा तुटलेला धागा पुन्हा जोडून घेतात. क्वचित एखादी जोड चुकते, आणि ती चुकीची जोड पोटात घेऊन पेशी वर्षानुवर्षे गप्प राहते. मुलांचे अवयव वाढीला लागलेले असतात आणि पुढे जगायची साठ-सत्तर वर्षे शिल्लक असतात, म्हणून हा धोका मोठ्या माणसांपेक्षा मुलांमध्ये अधिक. यातून होणारा कॅन्सर हा जुन्या आजाराचे उलटणे नव्हे. तो सर्वस्वी नवा, वेगळ्या पेशींचा आजार असतो, आणि अवयवांमध्ये तो बहुधा शेकानंतर दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लोटल्यावर दिसतो. त्यामुळे ‘पाच वर्षे झाली, आता येऊ नका’ या वाक्यात अर्धेच सत्य होते. पाच वर्षांनी हॉजकिन परत येण्याची भीती बरीचशी ओसरते. नव्या आजारावर लक्ष ठेवण्याचा काळ त्यापुढे सुरू होतो. हा उरलेला अर्धा भाग तुम्हाला कोणीतरी तेव्हाच, कागदावर लिहून द्यायला हवा होता. तो दिला गेला नाही, यात चूक तुमची नाही.

हे ज्ञान आले कसे, हे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. बालपणी कॅन्सरमधून वाचलेल्यांचा एक फार मोठा अभ्यास अमेरिका आणि कॅनडात १९९४ साली सुरू झाला. १९७०च्या दशकापासून बरी झालेली हजारो मुले, जी तोवर मोठी झाली होती, आपल्या प्रकृतीच्या प्रश्नावल्या वर्षानुवर्षे भरून पाठवत राहिली. त्यांच्यापैकी अनेकांना दुसरे कॅन्सर झाले, आणि त्यांनी ते सांगितले म्हणून डॉक्टरांनी उपचार बदलले. १९७०च्या दशकात त्या अभ्यासातील ७७ टक्के मुलांना शेक दिलेला होता. १९९०च्या दशकात तेच प्रमाण ३३ टक्क्यांवर आले. पहिल्या निदानानंतर १५ वर्षांच्या आत दुसरा कॅन्सर होण्याचे प्रमाण याच काळात २.१ टक्क्यांवरून १.३ टक्क्यांपर्यंत खाली आले. एके काळी हॉजकिनसाठी मान, काखा आणि छाती अशा विस्तृत भागावर ३५ ते ४४ ग्रेपर्यंत मात्रा दिली जात असे. तुमच्या लेकीला २१ मिळाले. मधल्या फरकामागे त्या अनोळखी मुलांचे ऋण आहे, असे मी मानते.

आता आकडा. तुमच्या नात्यातील परिचारिकेने सांगितले ते खरे आहे आणि ते सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. याच अभ्यासावर आधारित एक निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. बालपणी छातीला शेक मिळालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांना पन्नाशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर झाल्याचे त्यात दिसले, आणि ज्यांचा पहिला आजार हॉजकिन होता त्यांच्यात हे प्रमाण ३५ टक्के होते. तेथील सर्वसाधारण स्त्रियांमध्ये पन्नाशीपर्यंत हेच प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास आहे. हा धोका बीआरसीए-१ या जनुकातील दोष वारशाने आलेल्या स्त्रियांच्या धोक्याच्या जवळ जातो. मात्र हे आकडे ज्यांचे आहेत त्या मुलींवर १९७० ते १९८६ या काळात, पुष्कळदा मोठ्या मात्रेने आणि मोठ्या भागावर उपचार झाले होते. मात्रा आणि किरणांखाली आलेला भाग जसा कमी, तसा धोकाही कमी होतो, म्हणून हा आकडा उचलून तुमच्या मुलीच्या कपाळावर चिकटवता येणार नाही. तरीही मार्गदर्शक सूचनांनी विशेष तपासणीसाठी छातीवरील १० ग्रे ही रेषा आखलेली आहे, आणि २१ ग्रे त्या रेषेच्या वर आहेत.

त्या सूचनांनुसार अशा स्त्रियांनी वयाच्या २५व्या वर्षापासून किंवा शेक संपल्यानंतर आठ वर्षांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करून घ्यावा. तुमच्या मुलीच्या शेकाला आठ वर्षे तिच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीच झाली होती, म्हणून तिच्यासाठी २५ हे वय लागू होते. याचा अर्थ फार उशीर झाला असा नाही. तुम्हाला अगदी वेळेवर कळले आहे. तरुण वयात स्तनाची ऊती दाट असते आणि मॅमोग्राममध्ये लहान गाठ त्या दाटीत लपून राहू शकते, त्यामुळे एकटा मॅमोग्राम पुरत नाही, आणि गावातील केंद्रात फक्त सोनोग्राफी करून ‘सगळे ठीक आहे’ असा निर्वाळा घेणे तर मुळीच पुरेसे नाही. एमआरआयची वेळ पाळी सुरू झाल्यापासून दुसऱ्या आठवड्यात घ्यावी, तेव्हा चित्र अधिक स्पष्ट येते. मॅमोग्रामचेही किरणच, मग पुन्हा किरण कशाला, असे तुम्ही लिहिले आहे. ही शंका रास्त आहे. पण मॅमोग्रामची मात्रा अवघी काही मिलिग्रे असते, आणि एका ग्रेमध्ये एक हजार मिलिग्रे असतात. लेकीला मिळालेल्या २१ ग्रेशी तिची तुलनाच होत नाही.

या तपासणीवर मी इतका भर का देते, त्याचे कारण तिच्या जुन्या उपचारांतच आहे. एकदा शेक मिळालेल्या छातीला पुन्हा पूर्ण मात्रेचा शेक देणे सहसा शक्य नसते. हॉजकिनच्या किमोमध्ये बहुतेक वेळा असणारे डॉक्सोरुबिसिन हे औषध हृदयावर परिणाम करते, म्हणून आयुष्यभरात त्याची किती मात्रा द्यायची यालाही मर्यादा आहे. म्हणजे स्तनाचा कॅन्सर झालाच, तर इतर स्त्रियांसाठी खुली असलेली उपचारांची एक-दोन दारे तिच्यासाठी अर्धवट मिटलेली असतील. गाठ अगदी लहान असताना सापडली तर त्या दारांची गरजही कमी लागते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय अभ्यासाचा अंदाज असा आहे, की २५ ते ३० या वयात दरवर्षीचा एमआरआय सुरू केला तर अशा स्त्रियांचे स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक टळू शकतात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. मान शेकाखाली आलेली असल्यामुळे वर्षातून एकदा डॉक्टरांनी हाताने थायरॉइड ही गळ्यातील ग्रंथी तपासावी आणि ती नीट काम करते का ते दाखवणारी रक्ताची टीएसएच चाचणी करावी. थायरॉइड मंदावणे अशा मुलांमध्ये पुष्कळदा आढळते, आणि थायरॉइडच्या कॅन्सरचा धोकाही काहीसा वाढलेला असतो. हृदयाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, किती वर्षांनी करायचा ते डॉक्सोरुबिसिनच्या एकूण मात्रेवरून ठरेल, ती मात्रा फाइलमधून शोधून ठेवा. तंबाखू कोणत्याही रूपात नको. आपल्याकडे घरोघरी मिश्री लावली जाते आणि ती कोणाच्या हिशेबातच नसते, म्हणून मुद्दाम तिचे नाव घेते.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. तिला सांगावे की न सांगावे, असे तुम्ही पत्राच्या सुरुवातीला म्हणता, आणि शेवटी तोच प्रश्न आता की लग्नानंतर असा होतो. या दोन्ही प्रश्नांच्या तळाशी एक समजूत आहे: तिला काही माहीत नाही. ही समजूत मी हळूच हलवून पाहू इच्छिते. आमच्या वॉर्डातून बरा होऊन गेलेला एक मुलगा अकरावीत असताना मला भेटायला आला होता. त्याची आई बाहेरच्या बाकावर बसली होती आणि आत येताना तिने मला हातानेच खुणावले होते, की याला काही ठाऊक नाही, शब्द जपून वापरा. दार लागल्यावर तो म्हणाला, ‘मी सातवीत असताना कपाटातली फाइल वाचली. मला कळलंय हे आईला कळलं तर ती रडेल, म्हणून मी बोललो नाही.’ चार वर्षे ती दोघे एकाच घरात, एकाच ताटाशी बसून, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती. तुमची मुलगी सात वर्षांची होती. केस गेल्याचे, हाताला सुई लावून ठेवल्याचे, शाळेचे वर्ष बुडाल्याचे तिला आठवत असणार. तिच्या हातात मोबाइल आहे आणि तिच्या छातीवर तो ठिपका आहे. तिने आजवर विचारले नाही, याचा अर्थ तिला प्रश्न पडले नाहीत असा होत नाही. विचारलेले घरात कोणाला सोसणार नाही, एवढेच कदाचित तिने ओळखले असेल.

आणि समजा, तिला खरोखरच काही माहीत नाही. तरीही न सांगता तपासणी कशी करणार? पंचवीस वर्षांच्या मुलीला दरवर्षी स्तनांच्या एमआरआयसाठी न्यायचे, तर ती पहिल्याच वर्षी कारण विचारेल. तंत्रज्ञ तिच्याकडून पूर्वीच्या आजारांचा अर्ज भरून घेतील, आणि त्याखाली सही तिची लागेल, तुमची चालणार नाही. अठरा वर्षांपूर्वी तुम्ही तिच्या वतीने निर्णय घेतला तो योग्यच होता, कारण ती लहान होती. आता हे शरीर, ही फाइल आणि हे निर्णय तिचे आहेत. उद्या तिला दुसऱ्या शहरात एखाद्या डॉक्टरांनी विचारले, पूर्वी काही मोठा आजार झाला होता का, आणि ती प्रामाणिकपणे ‘टीबीसारखं काहीतरी’ म्हणाली, तर त्या डॉक्टरांना ठिपक्याचा अर्थ कोण सांगणार?

म्हणून लग्नाच्या तारखेशी याची सांगड घालू नका, असे मला कळकळीने सांगायचे आहे. बोलणी पुढे जाण्याआधी तिला सांगा, कारण त्या बोलण्यांत तिला स्वतःचे मत मांडायचे असेल तर तिला स्वतःविषयी सगळे ठाऊक हवे. लग्नानंतर कळले, तर तिला दोन धक्के एकदम बसतील: आजाराचा, आणि आपल्या आयुष्याचा एवढा मोठा निर्णय आपण अर्ध्या माहितीवर घेतला याचा. नव्या घरात, नव्या माणसांत, सणाला माहेरी आल्यावर स्वयंपाकघरात कुजबुजत ऐकण्याची ही गोष्ट नाही.

सांगायचे कसे? सगळ्या भावकीला जमवू नका. तुम्ही आणि तिचे वडील, किंवा तुम्ही एकट्या, सुट्टीच्या दिवशी, तिला दुसऱ्या दिवशी कुठे जायचे नसेल अशा वेळी बसा. त्या ठिपक्यापासून सुरुवात केली तर सोपे जाईल. तो तीळ नाही, हे सांगा. भिंतीतून येणारी लेझरची लाल रेघ रोज त्या ठिपक्यावर जुळवून घेत, मग तंत्रज्ञ बाहेर येत, जाड दार बंद होई आणि आत ती एकटी असे. कदाचित तो थंडगार टेबल आणि ती लाल रेघ तिला आठवतही असेल. त्यानंतर थोडीच वाक्ये पुरतील: ‘तुला तेव्हा झाला तो हॉजकिन लिम्फोमा नावाचा कॅन्सर होता. तो बरा झाला आहे. तेव्हाच्या शेकामुळे आता तुला दरवर्षी काही तपासण्या कराव्या लागतील. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं.’ मग गप्प बसा. ती रागावेल, रडेल, उठून जाईल किंवा अगदी शांतपणे ‘मला माहीत होतं’ म्हणेल. टक्क्यांचे आकडे पहिल्याच दिवशी तिच्यापुढे ठेवू नका, पण तिने विचारले तर टाळूही नका. डॉक्टरांच्या पहिल्या भेटीत तिला काही वेळ त्यांच्याशी एकटीला बोलू द्या, कारण आईसमोर न विचारता येणारे प्रश्न या वयात असतात.

कुठे जायचे, तर आधी मूळ रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाकडे लेखी अर्ज करा आणि उपचारांचा सारांश मागा: निदान, औषधांची नावे व एकूण मात्रा, शेकाची जागा, मात्रा आणि तारखा. तो एका पानावर आला तर उत्तम. त्याचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये असू द्या. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी ‘ॲक्ट क्लिनिक’ हा स्वतंत्र विभाग १९९१ पासून चालतो, आणि दीर्घकालीन परिणामांकडे पाहण्याची दृष्टी आपल्या देशात त्याने रुजवली. जवळच्या शहरात तशी सोय नसेल तर कर्करोगतज्ज्ञांकडे सारांश घेऊन जा आणि स्पष्ट शब्दांत सांगा, की बालपणी छातीला २१ ग्रे मिळाले आहेत, त्यासाठीची तपासणी हवी आहे. सगळ्याच डॉक्टरांना ही सूचना ठाऊक असेल असे धरून चालू नका. ‘एवढ्या तरुण मुलीला एमआरआय कशाला’ असे कोणी म्हटले तर हा कागद पुढे करा. बालपणीच्या कॅन्सरमधून बरे झालेल्या तरुणांचा ‘उगम’ नावाचा गटही मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने काम करतो. आपल्यासारखीच छातीवर ठिपका असलेली, नोकरी करणारी, संसार करणारी एखादी ताई भेटली तर लेकीला जे मिळेल ते तुम्ही किंवा मी देऊ शकणार नाही.

होणाऱ्या नवऱ्याला आणि सासरी सांगायचे की नाही, हे तिला ठरवू द्या. माझे मत विचाराल तर नवऱ्याला आधीच सांगावे, तेही तिने स्वतः, मध्यस्थाकरवी नव्हे. त्या घरातून जे प्रश्न येतील त्यांची उत्तरे मात्र तुमच्या घरात तयार असू द्यात. हा आजार संसर्गाने पसरत नाही. छातीला मिळालेल्या शेकामुळे पुढे होणाऱ्या बाळात दोष येत नाही. कॅन्सरमधून वाचलेल्यांच्या मुलांचे मोठे अभ्यास झाले आहेत आणि आईवडिलांच्या शेकामुळे वा किमोमुळे बाळांमध्ये जन्मजात व्यंगे वाढल्याचे त्यांत आढळलेले नाही. किमोतील काही औषधांनी बीजकोषांची क्षमता लवकर घटू शकते, म्हणून ती औषधे कोणती होती ते पाहून स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला लग्नाआधीच घ्यावा. लहानपणी शेक मिळालेल्या स्तनांची वाढ किंवा दूध काही जणींमध्ये कमी असते. तिला तसे काही जाणवत असेल तर त्यात तिचा दोष नाही, हे तिला कळायला हवे. गरोदरपणी रंगद्रव्य टोचून केला जाणारा एमआरआय टाळतात, म्हणून पहिली तपासणी त्याआधी उरकावी. हे ऐकून स्थळ मोडेल का? मोडू शकेल, खोटे कशाला सांगू. पण जे घर वर्षातून एका एमआरआयला तयार नाही, त्या घरात पुढे तिच्या तपासण्या होतील कशा?

अशाच परिस्थितीत असलेल्या इतर वाचकांसाठी दोन शब्द. शेक डोक्याला मिळाला असेल तर मेंदूच्या आवरणात मेनिंजिओमा नावाची गाठ अनेक वर्षांनी होऊ शकते, म्हणून नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, झटके किंवा दृष्टीतील बदल अंगावर काढू नयेत. शेक मिळालेल्या त्वचेवर न भरणारा फोड दिसला तर दाखवावा. पोटाला किंवा ओटीपोटाला शेक मिळालेल्यांनी मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीविषयी तिशीपासूनच विचारणा करावी. विल्म्स या मूत्रपिंडाच्या कॅन्सरसाठी ज्या मुलींच्या संपूर्ण फुप्फुसांना शेक मिळाला, त्यांची मात्रा लहान असली तरी स्तन तपासणीची सूचना त्यांनाही लागू पडते. मुलग्यांना यातून सूट नाही. स्तनांचा भाग सोडला तर बाकीचे सगळे त्यांनाही लागू आहे.

एका गटाविषयी थोडे थांबून लिहायला हवे. दोन्ही डोळ्यांत रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याच्या आतील पडद्याचा कॅन्सर झालेल्या मुलांमध्ये आरबी-१ या जनुकातील दोष जन्मतःच असतो, त्यामुळे शेक न देताही त्यांना पुढे हाडांचा किंवा स्नायूंचा कॅन्सर होण्याची शक्यता असते. अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात हा वंशागत दोष असलेल्यांपैकी शेक मिळालेल्या सुमारे ३८ टक्के जणांना, तर शेक न मिळालेल्या सुमारे २१ टक्के जणांना ५० वर्षांत दुसरा कॅन्सर झाला. म्हणूनच आज या आजारात बाहेरून शेक देणे शक्य तितके टाळतात. अशा कुटुंबांनी जनुकीय सल्ला अवश्य घ्यावा, कारण तो प्रश्न भावंडांचा आणि पुढच्या पिढीचाही असतो.

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न राहिला: इतकी वर्षे का लपवले? याला शोधून काढलेले उत्तर देऊ नका. तेव्हा तू लहान होतीस, नंतर परीक्षा होत्या, मग नोकरी लागायची होती, ही सगळी कारणे खरी असतील, पण ती एकापाठोपाठ मांडली की सबबी वाटतील. तुम्ही मला पत्रात जे लिहिले आहे तेच तिला सांगा, की त्या शब्दाचा उच्चार केला तर तो पुन्हा घरात येईल असे वाटायचे. तिला हे पटेल की नाही, सांगता येत नाही. रागवायला तिला काही दिवस, कदाचित काही महिने लागतील, आणि तेवढा वेळ तिला द्यायला हवा. नंतर कधीतरी ती फाइल मागेल. ती पूर्ण द्या, नको वाटणारी पाने काढून न ठेवता, आणि ती वाचत असताना शेजारी बसा. किती ग्रे, किती दिवस, कोणते औषध, हे तिला त्या कागदांत मिळेल. त्या तीन आठवड्यांत रोज ते जाड दार बंद झाल्यावर तुम्ही बाहेर कुठे उभ्या असायच्या आणि ते उघडेपर्यंत काय करायच्या, हे त्यांत कुठेच लिहिलेले नाही. तेवढे तुम्ही सांगा.